नाक खाली, नजर लांब

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कविता लिहिणारा माणूस उडण्याविषयी बोलणार म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, आता हा पाखरं, पंख, निळं आभाळ असं काहीतरी सुरू करणार. तसं काही करत नाही. मी आज बोलणार आहे ते खाली येण्याविषयी. छोटं विमान किंवा ग्लायडर चालवायला शिकताना पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट कळते. वर जाण्याची हौस सगळ्यांनाच असते, पण शिकावं लागतं ते खाली नीट येणं.

आधी ग्लायडर म्हणजे काय ते सांगतो. लांबलचक पंखांचं, हलकं, बिनइंजिनाचं विमान. आपल्याला वाटतं की ते हवेत तरंगतं. खरं तर ते सतत खालीच येत असतं, फक्त फार सावकाश. उतारावर सायकल पायडल न मारता जाते, तसं ते हवेच्या उतारावरून घसरत जातं. जगभरच्या क्लबांमध्ये शिकवणीसाठी वापरलं जाणारं ‘एएसके २१’ हे जर्मन ग्लायडर स्थिर हवेत एक किलोमीटर उंचीच्या बदल्यात ३४ किलोमीटर पुढे जातं. म्हणजे उंची हे पाकिटातले पैसे. इंजिन नसल्यामुळे कमाई बेभरवशाची आणि खर्च मात्र प्रत्येक सेकंदाला चालू. शिकायचं ते एवढंच, की पैसे संपायच्या आत घर गाठायचं.

मी मराठी घेऊन बी.ए. करत होतो. कॉलेजात एनसीसीची एअर विंग होती आणि १९८९ साली आमच्या शिबिरात ग्लायडिंग होतं. त्या ग्लायडरचं नाव ऐकून मी चकितच झालो. त्याचं नाव होतं आर्द्रा. नागरी विमानवाहतूक खात्याच्या दिल्लीतल्या तांत्रिक केंद्रानं १९५८ पासून देशी बनावटीची ग्लायडर रचली, आणि त्यांना नावं दिली ती नक्षत्रांची. अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. आमच्या गावाकडे ही नावं पेरणीच्या हिशोबात यायची. रोहिणी बरसल्या का, मृग लागला का, असं विचारणाऱ्या माणसांत वाढलेल्या मुलाला आकाशाचं यंत्र परकं वाटू नये, अशीच जणू ती व्यवस्था होती.

पण आर्द्रात बसायला मिळण्याआधी पुष्कळ दिवस धुळीत गेले. ग्लायडर ढकलायचं, मैदानभर पसरलेली पोलादी दोरी गोळा करायची, ग्लायडर निघताना पंखाचं टोक हातात धरून चार पावलं पळायचं. ग्लायडरला स्वतःची दोन पंखं सांभाळून उभंही राहता येत नाही, कुणीतरी टोक धरावं लागतं. तुमच्या उड्डाणाला सात-आठ माणसांचे हात लागतात आणि त्यांच्या उड्डाणाला तुमचे. नव्या मुलांना माझं पहिलं सांगणं हेच असतं. ढकलण्याचं काम आळसानं करू नका. दुसऱ्याचं ग्लायडर ढकलता ढकलता वारा, धावपट्टी आणि लोकांच्या सवयी फुकटात शिकून होतात.

आमच्याकडे उड्डाण विंचवरून व्हायचं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला विंच, म्हणजे इंजिनावर फिरणारा मोठा रहाट. दोरीचं एक टोक त्यावर, दुसरं ग्लायडरच्या पोटाखालच्या हुकात. खूण झाली की दोरी ताणली जाते, ग्लायडर थोडं धावतं, आणि दुसऱ्याच क्षणी समोरची जमीन दिसेनाशी होऊन नुसतं आभाळ दिसतं. पतंग वर चढतो तसं चढायचं. मिनिटभराच्या आतच हजारेक फूट. मग दोरी सोडायची आणि एकदम शांतता. इंजिनाचा आवाज नाही, फक्त वाऱ्याचा सूं असा आवाज. तो आवाज ओळखीचा झाला पाहिजे. वेग वाढला की तो चढतो, कमी झाला की पडतो. काट्याकडे न बघता नुसत्या कानानं वेग कळायला लागला, की शिकणं सुरू झालं म्हणायचं.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. स्टॉल म्हटलं की आपल्याला पुस्तकांचा किंवा वडापावचा स्टॉल आठवतो. विमानात स्टॉल म्हणजे पंखानं हवेवरची पकड सोडणं. पंखाला समोरून येणारा वारा ठरावीक कोनातच चालतो. नाक फार वर ओढलं की तो कोन वाढतो, पंखावरून सरळ वाहणारी हवा विस्कटते आणि पंख उचलेनासा होतो. विमान खाली पडू लागतं. आणि नेमकं याच वेळी माणसाचा हात काय करतो? जमीन जवळ येताना दिसली की हात आपोआप दांडा पोटाकडे ओढतो. वर जायचं म्हणून ओढतो आणि त्यामुळेच आणखी खाली जातो. आपला हात जन्मापासून जमिनीवर वाढलेला आहे, त्याला हवेचा कायदा ठाऊक नाही.

हवेचा कायदा उलटा आहे. पकड सुटली तर नाक खाली करायचं. ज्या जमिनीची भीती वाटते तिच्याच दिशेनं नाक करायचं, वेग घ्यायचा, आणि पंखानं पुन्हा हवा धरली की मग हलकेच सरळ व्हायचं. मराठीत नाक वर असणं हे गर्वाचं लक्षण. हवेत ते मरणाचं लक्षण आहे. आमचे सर हवाई दलातले होते, हिंदी-मराठी मिसळून बोलायचे. मी कविता करतो हे कळल्यापासून मला ‘कविराज’ म्हणायचे. ते सांगायचे, “कविराज, डर लगेगा ही. भीती पोटात ठेवा, हातात येऊ देऊ नका.”

ही शिकवण जगाला स्वस्तात मिळालेली नाही. जर्मनीतल्या ओट्टो लिलिएंथालनं १८९१ ते १८९६ या काळात टेकड्यांवरून सुमारे दोन हजार वेळा ग्लायडरनं उड्या घेतल्या. ग्लायडर वळवायला, सावरायला त्याच्याकडे स्वतःचं शरीर झुकवण्यापलीकडे साधन नव्हतं. ९ ऑगस्ट १८९६ ला त्याचं ग्लायडर हवेत स्टॉल झालं, साधारण पंधरा मीटरवरून तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. अमेरिकेत राईट बंधूंनी त्याचं लिखाण वाचलं होतं. १९०० ते १९०२ अशी तीन वर्षं ते ग्लायडरच उडवत राहिले. आधी सावरायला शिकले, वळायला शिकले, उतरायला शिकले, आणि इंजिन लावलं ते १९०३ साली. इंजिन शेवटी आलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

भीती हातात येऊ द्यायची नाही हे ठीक, पण ती येणार नाही याची व्यवस्था काय? ती व्यवस्था जमिनीवर करावी लागते. विंचवरून चढताना दोरी मध्येच तुटू शकते. त्या क्षणी ग्लायडरचं नाक आभाळाकडे असतं, ओढणारं कुणी नसतं आणि वेग झपाट्यानं पडत असतो. विचार करायला वेळच नसतो. म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी, पट्टे आवळून झाल्यावर, मोठ्यानं म्हणायचं: “दोरी अमुक उंचीच्या खाली तुटली तर सरळ समोर उतरणार. त्याच्या वर तुटली तर नाक खाली, वेग पुरा, आणि मग वळून येणार. आज वारा या बाजूचा आहे, म्हणून वळणार तर या बाजूला.” रोज म्हणायचं, शंभराव्या वेळीही म्हणायचं.

हा धडा सर हवेत देत. पहिल्या वेळी आधी सांगून, स्वतः करून दाखवलं. मी दांड्यावर नुसता हात ठेवून होतो. दोनेकशे फुटांवर त्यांनी मुद्दाम दोरी सोडली. धप्प असा आवाज झाला, समोर सगळं आभाळ, आणि वाऱ्याचा आवाज एकदम बारीक. दांडा ठामपणे पुढे गेला. आभाळ वर सरकलं, क्षितिज आलं, मग सगळी धावपट्टी समोर दिसली, आणि पोट गळ्याशी आलं. सर शांतपणे मोजत होते. “पहिलं नाक. दुसरं वेग, वेग येईपर्यंत काही करायचं नाही. तिसरा निर्णय.” आम्ही सरळ समोर उतरलो. पुढच्या आठवड्यात त्यांनी न सांगता दोरी सोडली. दांडा पुढे गेला तो माझ्या हातानं. मी काही शूर नव्हतो. ते वाक्य दोनच मिनिटांपूर्वी मोठ्यानं म्हणून झालं होतं, निर्णय आधीच घेतलेला होता.

माझे थोरले मामू एसटीत ड्रायव्हर होते. खंबाटकीच्या घाटातून गाडी नेताना मी त्यांच्यामागच्या सीटवर बसायचो. ते म्हणायचे, “चढाव लगने के पहलेच गेर बदलना, बेटा. बीच में अटकने के बाद सोचने का नै.” विमानविद्येवरची मोठी पुस्तकं मी पुढे वाचली, पण त्यांतला गाभा मामूंनी घाटात सांगून टाकला होता.

हीच गोष्ट इंजिनवाल्या छोट्या विमानाला जास्तच लागू आहे. शिबिरातला माझा एक मित्र पुढे वैमानिक झाला, मुलांना शिकवू लागला. त्याच्या शेजारी बसून मी दोन आसनी सेस्नातून बऱ्याचदा हिंडलो. तो म्हणतो, नव्या मुलाला सगळ्यात कठीण जातं ते हे, की उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडलं तर मागे वळायचं नाही. धावपट्टी पाठीमागेच असते, हाकेच्या अंतरावर. मन म्हणतं, वळ. पण वळायचं तर पंख कलवावे लागतात, आणि कललेल्या पंखाला जास्त वेग लागतो. सरळ जाताना ज्या वेगाला विमान स्टॉल होतं, त्यापेक्षा उंची राखून ४५ अंशांच्या वळणात ते सुमारे १९ टक्के जास्त वेगालाच स्टॉल होतं. ६० अंशांत हा आकडा ४१ टक्क्यांवर जातो. शिवाय निघताना समोरून असलेला वारा आता पाठीशी येतो. उंची थोडी, वेग थोडा, वळण तीव्र आणि हात घाबरलेला. म्हणून नियम असा: नाक खाली, आणि समोरच्या अर्धवर्तुळात जी बरी जागा दिसेल तिथं उतरायचं. विमान मोडलं तरी चालेल, माणसं चालत बाहेर आली पाहिजेत.

न्यूयॉर्कमध्ये १५ जानेवारी २००९ ला पक्ष्यांचा थवा आपटून एका प्रवासी विमानाची दोन्ही इंजिनं गेली. कॅप्टन सुलेनबर्गर यांनी मागच्या विमानतळाचा विचार केला, तिथवर पोहोचणार नाही हे ओळखलं आणि सुमारे साडेतीन मिनिटांत विमान हडसन नदीवर उतरवलं. १५५ जण वाचले. हे गृहस्थ तरुणपणी ग्लायडर उडवायला शिकलेले होते. हाताशी किती उंची आहे आणि ती किती अंतर देईल, हा हिशोब त्यांना नवा नव्हता.

आता एका गरीब उपकरणाविषयी सांगतो. ग्लायडरच्या काचेवर बाहेरून, अगदी डोळ्यांसमोर, लोकरीच्या धाग्याचा वीतभर तुकडा चिकटवलेला असतो. विमान सरळ जात असेल तर धागा सरळ मागे उडतो. विमान तिरकं सरकत असेल तर धाग्याचं शेपूट एका बाजूला जातं. शेपूट उजवीकडे गेलं तर डावा पाय दाबायचा, डावीकडे गेलं तर उजवा. राईट बंधूंच्या विमानावरही असाच दोरा होता. आजच्या महागड्या ग्लायडरांमध्ये संगणकाचे पडदे आले तरी हा धागा गेलेला नाही. तो बिघडत नाही, त्याला बॅटरी लागत नाही आणि तो खोटं बोलत नाही. वळणात धागा सरळ ठेवणं ही सवय लागली, तर स्टॉल होऊन गिरकी खाण्याचा धोका पुष्कळच कमी होतो.

पण पाकिटात पैसे वाढवायची सोय काहीच नाही का? आहे. ऊन लागून जमीन तापते, सगळीकडे सारखी तापत नाही. नांगरून काळं पडलेलं रान, वीटभट्टी, पत्र्याची छपरं, खडकाळ माळ लवकर तापतात. तिथली हवा खांबासारखी वर चढते. त्या खांबात गोल गोल फिरत राहिलं की ग्लायडर हवेबरोबर वर जातं. भिजलेला ऊस, तलाव, कालव्याकाठची हिरवी पट्टी इथं दुपारी बहुतेक उतरती हवाच मिळते. हा खांब दिसत नाही, त्याच्या खुणा दिसतात. वर कापसाच्या गोळ्यासारखा ढग धरतो. खाली पाचोळा गिरकी घेतो. आणि सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे पंख न हलवता फिरणारी घार. तिच्या वर्तुळात शिरलात तर ती ज्या बाजूनं फिरते त्याच बाजूनं फिरायचं. ग्लायडर चालवणाऱ्यांत तर तसा पक्का नियमच आहे. खांबात आधी आलेल्यानं जी दिशा धरली, तीच नंतर येणाऱ्या सगळ्यांनी धरायची. नंतर आलेला कितीही मोठा वैमानिक असो.

खांब सुटला की लगेच उतरती हवा लागते. तिथं लोक हळू जातात, उंची वाचवू म्हणून. करायचं उलट. उतरत्या हवेत वेग वाढवून लवकर बाहेर पडायचं आणि चढत्या हवेत हळू व्हायचं. वाईट जागी रेंगाळू नये, हे व्यवहारातही खरंच आहे.

आणि आता उतरणं. इंजिनवाल्या विमानाला उतरताना जमलं नाही तर पुन्हा वर जाऊन दुसरी फेरी मारता येते. ग्लायडरला ती सोय नाही. एकच संधी. म्हणून थोडं उंचावरून येऊन पंखांवरचे एअरब्रेक उघडून जास्तीची उंची खर्च करायची. उंची जास्त असेल तर फेकता येते, कमी पडली तर कुणी उसनी देत नाही. आणि कमी पडते आहे असं दिसलं, तर नाक वर ओढून अंतर ताणता येईल असं वाटणं हाच सगळ्यात मोठा सापळा आहे. नाक ओढून कुणीही घरी पोहोचलेलं नाही. त्याऐवजी जवळचं शेत पत्करावं.

शेत कसं निवडायचं? आमच्या सरांनी सांगितलं होतं, एसटीत बसलात की झोपू नका, खिडकीतून शेतं निवडत चला. मी आजही निवडतो. लांबी पुरेशी आहे का, वारा समोरून येईल का, उतार कुठे आहे, बांध आडवा तर नाही? ज्वारी काढलेल्या रानात धसकटं असतात, पण जागा मिळते. उभा ऊस वरून गालिच्यासारखा दिसतो आणि असतो मात्र भिंतीसारखा. गुरं चरत असतील तर दुसरं रान बघा. आणि विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, हे पक्कं लक्षात ठेवा. तार शोधू नका, खांब शोधा. दोन खांब दिसले की त्यांच्यामध्ये तार आहेच असं धरा. विहिरीवर पंप दिसला की तिथवर वीज कुठूनतरी आली असणार. दोन हजार फुटांवर असताना परिसर बघून ठेवायचा, पंधराशेवर शेत पक्कं करायचं, आणि त्यानंतर मन बदलायचं नाही. खाली आल्यावर शेजारचं शेत नेहमीच जास्त चांगलं दिसतं.

खाली येण्याची गोष्ट निघाली म्हणून एका जुन्या कवीची आठवण सांगतो. नवव्या शतकात स्पेनमधल्या कोर्दोबा शहरात अब्बास इब्न फिर्नास नावाचे एक गृहस्थ होते. दरबारात कविता करायचे आणि यंत्रांचाही नाद होता. सतराव्या शतकातल्या अल्‌-मक्करी या इतिहासकारानं लिहून ठेवलंय की त्यांनी अंगावर पिसं चढवली, पंख लावले आणि उडी घेतली. बरंच अंतर ते गेले, पण उतरताना पाठीला जबर मार बसला. कारण काय, तर पक्षी उतरताना शेपटी वापरतात हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि त्यांनी शेपटी लावलीच नव्हती. त्यांच्याच काळातल्या दुसऱ्या एका कवीनं या उड्डाणावर कविता लिहिली. कवी कवीला सोडत नाही, हे अकराशे वर्षांपूर्वीही खरं होतं म्हणायचं. मला मात्र या हकिकतीतलं शेपटीचं कारण फार मोलाचं वाटतं. उडण्याचा विचार झाला होता, उतरण्याचा राहून गेला होता.

याच्या उलट उदाहरण कॅनडातलं. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानातलं इंधन ४१ हजार फुटांवर संपलं. पौंड आणि किलो यांच्या गोंधळात इंधन कमी भरलं गेलं होतं. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन हे फावल्या वेळात ग्लायडर उडवणारे. त्यांनी ते अवाढव्य विमान गिमली इथल्या हवाई दलाच्या जुन्या धावपट्टीकडे आणलं. जवळ आल्यावर उंची जास्त होती आणि दुसरी फेरी शक्य नव्हती. तेव्हा त्यांनी ग्लायडरवाल्यांची जुनी युक्ती वापरली. एक पंख खाली, विरुद्ध पाय दाबलेला, विमान हवेत आडवं घसरतं, वेग न वाढता उंची झरझर कमी होते. विमान उतरलं आणि ६९ माणसांतलं एकही दगावलं नाही.

पण माझ्या मते उडण्याच्या विद्येतला सगळ्यात अवघड भाग म्हणजे न उडणं. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एका गावी कविसंमेलन होतं. मित्र म्हणाला, त्या गावाशेजारी धावपट्टी आहे, मी सोडतो तुला. दुपारी आम्ही विमानाशी पोहोचलो. त्यानं नेहमीप्रमाणे विमानाभोवती फेरी मारली, बिजागऱ्या हलवून पाहिल्या, टाकीच्या तळातून काचेच्या नळीत थोडं इंधन काढून उजेडाला धरलं. पाणी असेल तर ते तळाशी बसलेलं दिसतं. सगळं ठीक होतं. मग तो उभा राहून पश्चिमेकडे बघत बसला. लांबवर वळवाचा एक ढग वाढत होता. आमच्या डोक्यावर लख्ख ऊन. तो म्हणाला, “नाही जायचं.” मी म्हणालो, ढग तर केवढा लांब आहे. तो म्हणाला, “ढग लांब आहे, त्याचा वारा लांब नसतो. पाऊस पडायच्या आधी त्याच्यातली थंड हवा खाली आपटते आणि कित्येक किलोमीटर पुढे धावत येते. उतरायच्या वेळी ती भेटली तर हे एवढंसं विमान तिच्या पुढे काय आहे? शिवाय ऊन इतकं आहे की पातळ हवेत धावपट्टीही जास्त लागेल. तू एसटीनं जा.”

मी एसटीनं गेलो. पोहोचलो तेव्हा आभार मानणं चाललं होतं. संयोजक दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. वाटेत पाऊण तास धुळीचं वादळ लागलं होतं हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. वैमानिकांत एक जुनं बोलणं आहे. जमिनीवर उभं राहून आपण वर असतो तर बरं झालं असतं असं वाटणं परवडतं, वर असताना आपण जमिनीवर असतो तर असं वाटणं परवडत नाही. माझ्या मित्राचा हजारो तासांचा अनुभव मला त्याच्या उडण्यातून तितका कळला नव्हता, तितका त्या दोन शब्दांतून कळला.

माझी भाची यंदा विमान चालवायला शिकायला लागली आहे. घरात आनंद आहे आणि काळजीही आहे. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, रोज मला फोन करून विचारते, “भाईजान, धोका नाही ना?” धोका नाही असं मी तिला सांगत नाही. धोका आहे आणि त्याचा हिशोब ठेवता येतो, असं सांगतो. भाचीला मात्र चार गोष्टी सांगितल्या, त्या तुम्हालाही सांगतो. तुमच्याही घरातलं कुणी या वाटेला जाणार असेल.

पहिली, यादी पाठ असली तरी वाचूनच तपासणी कर. १९३५ साली अमेरिकेत बोइंगचं एक नवं मोठं विमान चाचणीच्या वेळी कोसळलं, कारण शेपटीचे पंख जमिनीवर अडकवून ठेवणारी कडी काढायची राहिली होती. चालवणारे निष्णात होते. त्यानंतरच तपासणीच्या छापील याद्यांची पद्धत रुजली. यादी अडाण्यांसाठी नसते, जाणत्यांसाठीच असते.

दुसरी, जिथं शिकशील तिथल्या हवेचा स्वभाव शीक. पावसाळ्यात पंचवीस अंश तापमान असतानाही छोट्या इंजिनाच्या कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू शकतो, कारण इंधनाची वाफ होताना आतली हवा गार होते आणि बाहेर दमटपणा भरपूर असतो. इंजिन कुरकुरायला लागलं की गरम हवेचा खटका ओढायचा, हे उत्तर पुस्तकात आहे. ते हातात यायला हवं.

तिसरी, झोप झाली नसेल, ताप असेल, घरी भांडण झालं असेल तर त्या दिवशी शिक्षकांना स्पष्ट सांग, आज मी उडत नाही. त्यात लाज नाही. आणि कुणी हसलं तर हसू दे.

चौथी गोष्ट सांगायच्या आधी भाचीनंच मला विचारलं, “मामू, वर गेल्यावर भीती वाटली तर?” मी म्हटलं, वाटेलच. तेव्हा नाक खाली ठेव आणि नजर लांब ठेव. जवळच्या जमिनीकडे बघत राहिलीस तर ती अंगावर येते. लांब क्षितिजाकडे बघितलंस तर आपण कुठे आहोत ते कळतं. आणि जे करायचं ते निघायच्या आधीच मोठ्यानं म्हणून ठेव.

परवा तिचा फोन आला होता. उड्डाणाविषयी ती फारसं बोललीच नाही. म्हणाली, “मामू, मी आज एसटीनं येताना सात शेतं निवडली. त्यातल्या दोन रानांत खांब निघाले.”

मी तिच्या आईला फोन करून सांगितलं, पोरगी शिकते आहे. काळजी कर, पण थोडी कमी कर.